ऐरण आणि हजेरी

परवा नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या काळातलं एखादं गाणं सांगा, लावतो." मी 'साधी माणसं'मधलं लोहाराचं गाणं सांगितलं. गाणं संपलं तरी मी काहीच बोलेना, तेव्हा पोरगं घाबरलंच. त्याला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो.

भालजी पेंढारकरांचा हा चित्रपट १९६५ सालचा. आमच्या राणीसावरगावात तो आला दोन-तीन वर्षांनी, रेणुकामातेच्या जत्रेत, तंबूत. जमिनीवर बसून पाहिला. सूर्यकांत, जयश्री गडकर, आणि गाणं जगदीश खेबुडकरांचं. संगीत 'आनंदघन' यांचं. हे कोणी मोठे गृहस्थ असतील असं आम्हाला वाटायचं! पुढे कळलं, त्या तर खुद्द लताबाई. या संगीताला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा 'आनंदघन' हे नाव पुकारलं तरी त्या जागेवरच बसून राहिल्या होत्या, असं सांगतात.

मला त्या चालीचं मोठेपण वाटतं ते असं की ती कामाच्या लयीतून उगवली आहे. घाव पडावा तसा ठेका आणि त्यावर देवापुढे हात जोडावेत तसा सूर. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंपासून बायकांनी जात्यावर कष्टाला गाण्याचा आधार दिला, त्याच कुळातलं हे गाणं. परभणी आकाशवाणीवर लागलं की मी हातातलं काम थांबवायचो. डोळे भरून यायचे. शिक्षकांच्या खोलीत मी त्यावर अर्धा अर्धा तास बोललो आहे.

आता खरी गोष्ट.

१९७६ च्या सुमाराची. माझ्या वर्गात लोहाराची एक मुलगी होती. रोज उशीर. मी तिला दाराशी उभी करायचो. शिस्त म्हणजे शिस्त, असा माझा खाक्या होता. एकदा भल्या सकाळी विळ्याला धार लावून घ्यायला तिच्या घरी गेलो. बाप सांडशीत लोखंड धरून बसलेला, आई घण मारत होती आणि ही भाता ओढत होती. पहाटेपासून ओढत असावी, केसांवर राख होती. मला पाहून उठायला लागली. बापाने नुसतं पाहिलं, तशी पुन्हा बसली. मी विळा घेतला, पैसे दिले, घरी येऊन जेवलो आणि शाळेत गेलो.

ती आली, तर हजेरी होऊन गेली होती. मी तिला दाराशी उभी केली.

मंडळी, त्या क्षणी मला काहीही वाटलं नाही, हेच आज बोचतं. पडद्यावरच्या भात्याने मला रडवलं आणि समोरचा भाता मला दिसला नाही. सातवीनंतर तिने शाळा सोडली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे तांबड्या शाईची रेघ मीच मारली.

पाच-सहा वर्षांपूर्वी जत्रेत भेटली. नातू कडेवर. वाकून पाया पडली. मला राहवलं नाही, विचारलं, "ते लोहाराचं गाणं तुला ठाऊक आहे का गं?" हसली. म्हणाली, "गुर्जी, आमच्या घरी रेडू कुठं व्हता? लेकीच्या लग्नात बँडवाल्यानं वाजवलं, तवा पयल्यांदा ऐकलं. चांगलं हाये."

तिची माफी मागायची होती. "उशीर होत होता ना तुला..." एवढंच तोंडातून निघालं. ती म्हणाली, "व्हय जी, लई उशीर व्हायचा," आणि नातवाला फुगा घ्यायला निघून गेली.

तिच्या बापाच्या जागेवर आता वेल्डिंगचं दुकान आहे. गाणं मात्र तेवढंच ताजं आहे. मी अजूनही ऐकतो. फक्त डोळे मिटून ऐकत नाही.