पासिंग

मला मोटार चालवता येत नाही. जे येत नाही त्यावर लिहायला बसणे हे धाडसच. पण ज्याने स्वतः मुंगीही न मारता आपल्या कादंबऱ्यांतून दोन-तीन खून घडवून आणले आहेत, त्याला वाचक एवढी सवलत देतील असे वाटते. शिवाय आजचा विषय मोटार चालवण्याचा नसून मोटार पास होण्याचा आहे. आणि पास-नापासाच्या व्यवहारात माझी वीस वर्षे गेली आहेत.

शाळेत मुले पास होतात, आर. टी. ओ.त गाड्या. कायद्याच्या पुस्तकात या दुसऱ्या परीक्षेचे नाव मोठे भारदस्त आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५६ वे कलम ‘योग्यता प्रमाणपत्रा’विषयी बोलते. ते जवळ नसेल तर भाड्याने फिरणारी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पण टॅक्सीवाल्याच्या तोंडी हा शब्द तुम्हाला ऐकू यायचा नाही. तो म्हणतो, ‘‘गाडी पासिंगला न्यायचीय.’’ मला या शब्दाची गंमत वाटते. आम्ही शाळेत परीक्षेला परीक्षा म्हणतो आणि निकालाची वाट पाहतो; यांनी परीक्षेलाच पास होण्याचे नाव देऊन टाकले! नापासाची सोय त्या शब्दात ठेवलेलीच नाही. आणि ती ठेवावी तरी कशी? मुलगा नापास झाला तर त्याचे वर्ष जाते. टॅक्सी नापास झाली तर त्या संध्याकाळी घरात पैसे येत नाहीत.

माझे धाकटे मामा लालबागला राहत आणि टॅक्सी चालवीत. १९९९ साली त्यांनी परमिटासकट एक जुनी पद्मिनी घेतली. गाडी १९९४ ची. म्हणजे मामांच्या हाती आली तेव्हा पाच वर्षांची. पुढे दरवर्षी ती पासिंगला जाई, आणि त्याआधीचा आठवडा त्यांच्या घरात वार्षिक परीक्षेसारखाच जाई. त्या सुमारास मी मुंबईस असलो, तर माझा मुक्काम घरापेक्षा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजातच अधिक असे.

पद्मिनीचे कूळ इटलीचे. फियाटची ‘अकराशे डी’ ही मोटार १९६४ पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनू लागली. आधी तिचे नाव ‘डिलाइट’ होते, मग ‘प्रेसिडेंट’ झाले, आणि १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ झाले. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. सासरी नाव बदलूनही माहेरचे नाव न सुटलेल्या बाईसारखी तिची गत होती. इंजिन १०८९ सी. सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच लावलेला, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. सगळे साधे आणि उघड्यावरचे. नवे शतक उजाडता उजाडता तिचे उत्पादन बंद पडले, पण तिच्या काळ्या-पिवळ्या बहिणी मुंबईत त्यानंतरही वीस-बावीस वर्षे धावत राहिल्या.

ही गाडी भरवशाची होती का? मी गॅरेजात बसून जे पाहिले त्यावरून सांगायचे तर तिच्या खोड्या मुळीच कमी नव्हत्या. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तिचा पत्रा खात असे. पायाखालचा आणि दाराखालचा तर आधी. व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपे, लायनर झिजत, आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला खेचे. स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा येई. एक दिवा लख्ख तर दुसरा देवघरातल्या समईसारखा. आठवडाभर मिस्त्री गाडीखाली आणि मामा मिस्त्रीच्या उशाशी, असा मुक्काम पडे. सडलेला पत्रा कापून तिथे नवा तुकडा वेल्डिंगने बसे, त्यावर लांबी भरली जाई, शेवटी काळा-पिवळा रंग. पाहुणे यायचे म्हणून घर सारवावे तशी ती गाडी उजळून निघे.

मग मैदानात रांग. इन्स्पेक्टरसाहेब येत. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की तो कागदावर उमटे. गाडी तीच आहे, बदललेली नाही, याचा तो पुरावा. मग दिवे, हॉर्न, वायपर, टायर, हँडब्रेक; विम्याचा आणि धुराच्या तपासणीचा कागद; मीटरचे सील. आणि सर्वांत शेवटी गाडी वेगाने आणून ब्रेक दाबायचा. त्या क्षणी मामांच्या चेहऱ्याकडे पाहवत नसे.

मी एकदा त्यांना विचारले, ‘‘मामा, दरवर्षी एवढे काम निघते, तरी तुम्ही हिला भरवशाची म्हणता?’’

‘‘अरे, बिघडत नाही ती गाडी भरवशाची नव्हे,’’ मामा म्हणाले. ‘‘काय बिघडलंय ते सांगते, ती भरवशाची.’’

मला हे उत्तर फार मोलाचे वाटले. मिस्त्री इंजिनाला कान लावून दुखणे ओळखी. सुटा भाग हवा असेल तर तो कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळे, कारण शहरात हजारो गाड्या एकाच वळणाच्या. एकीचे हाड दुसरीला बसत असे. म्हणजे पद्मिनी पास होई ते काही एकट्या कारखान्याचे पुण्य नव्हते. तिच्यामागे मिस्त्री, वेल्डर, पेंटर, भंगारवाले असे अर्धे शहर उभे असे. आजच्या गाड्या वर्षानुवर्षे कुरकुरत नाहीत हे खरे. पण कुरकुरल्या की त्यांचे दुखणे संगणकालाच विचारावे लागते.

अर्थात, पास होण्याच्या आडवाटाही असतात. गॅरेजात मी टायर उसने जाताना पाहिले आहेत. एका दिवसापुरते चांगले टायर चढवायचे, मैदानातून सही घेऊन यायचे आणि संध्याकाळी पुन्हा गुळगुळीत टायर घालून धंद्याला निघायचे. शाळेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या वर्गातले तक्ते आपल्या भिंतीवर लावणारे लोक मला ठाऊक असल्यामुळे मी चकित झालो नाही. फरक एवढाच, की उसन्या तक्त्यांनी कोणी मरत नाही.

२००६ साली मामांची गाडी नापास झाली. सगळे केले होते. पण ब्रेक दाबताच गाडी डावीकडे वळली. साहेबांनी मान हलवली. चार दिवस धंदा बुडाला, ड्रम पुन्हा उघडले गेले, आणि मामींनी भिशीचे पैसे काढून दिले. रात्री जेवताना त्या साहेबांच्या नावाने बोटे मोडू लागल्या, तेव्हा मामांनी त्यांना थांबवले. ‘‘पेडर रोडच्या उतारावर पाच माणसं गाडीत असताना कळण्यापेक्षा मैदानात कळलं ते बरं,’’ एवढेच ते म्हणाले. त्या घरात त्या महिन्यात दूध कमी आले हे मी पाहिले आहे, म्हणून त्या वाक्याची किंमत मला ठाऊक आहे.

परीक्षा काय सांगते आणि काय सांगत नाही, हा प्रश्न आपल्याकडेच पडतो असे नाही. ब्रिटनमध्ये १९६० साली मोटारींची वार्षिक तपासणी सुरू झाली. आरंभी दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच पाहत. १९६७ पर्यंत तीन वर्षांच्या गाडीलाही तिथे उभे राहावे लागू लागले. जर्मनीत तर कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या तपासणीत नापास झाल्या, याचा अहवाल दरवर्षी छापून निघतो, आणि जुनी गाडी घेणारे तो पंचांगासारखा चाळतात. तरीही ब्रिटनचा दाखला एक गोष्ट मान्य करतो: गाडी तपासली त्या वेळी ठीक होती, इतकेच. उरलेल्या ३६४ दिवसांची हमी कोणताच कागद देत नाही. ती मामांसारख्यांच्या हातात असते.

आणि शेवटी पद्मिनीला कोणत्याही साहेबांनी नापास केले नाही. मुंबईच्या टॅक्सीला पूर्वी पंचवीस वर्षांची मर्यादा होती, ती २०१३ साली वीस वर्षांची झाली. मामांच्या गाडीने त्या वर्षीचे पासिंग विनातक्रार पार पाडले होते. २०१४ साली तिला मैदानात न्यायचे कारणच उरले नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून त्या वंशाचा कारभार आटोपला. गंमत अशी, की एखाद्या हौशी गृहस्थाची खाजगी पद्मिनी पंधरा वर्षांनंतरही, दर पाच वर्षांनी तपासणीला उतरून, रस्त्यावर राहू शकते. मामांना हे खटकले. मला मात्र यात अन्याय दिसत नाही. हौशी माणसाची गाडी रविवारी निघते. टॅक्सी दोन पाळ्यांत राबते, आणि तिच्यात बसणाऱ्याने मिस्त्रीला पाहिलेले नसते. अठ्ठावन्न पूर्ण झाली की मलाही शाळेतून निरोपाचा नारळ मिळेल. मला अजून शिकवता येते का, हे त्या दिवशी कोणी विचारणार नाही. दमलेल्याला प्रत्येक वेळी परीक्षेत हरवूनच घरी पाठवावे असे थोडेच आहे?

मामांची गाडी कुर्ल्यात जन्मली आणि भंगारात गेली तीही कुर्ल्यातच. तिच्या पासिंगचे सगळे कागद त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. त्यांत नापासाचाही आहे, आणि तो त्यांनी मुद्दाम वर ठेवला आहे. कोणी जुनी गाडी घेण्याआधी सल्ला विचारायला आले, तर मामा त्याला शेवटचा दाखला पाहू नको म्हणतात. मालक कोणत्या गॅरेजात जातो ते विचार, आणि मग मिस्त्रीशी जाऊन बोल, असे सांगतात. निकालाच्या दिवशी पालक मला विचारतात, ‘‘गुरुजी, पास झाला ना?’’ मी हो म्हणतो, कारण तेवढेच त्यांना हवे असते. पण एखादा बाप असा येतो, की तो प्रगतिपुस्तक घडी करून खिशात ठेवतो आणि विचारतो, ‘‘वर्षभर कसा होता?’’ त्याच्याशी बोलायला मी खुर्ची पुढे ओढतो.