बोलू नकोस, लिही

परवाची गोष्ट. ऑफिसात डिझाइन रिव्ह्यू चालला होता. टीममधला नवीन पोरगा तासभर खाली मान घालून बसलेला. दहावीपर्यंत मराठी मीडियम. काहीतरी सांगायचं होतं त्याला, पण इंग्रजी तोंडातून निघेना. शेवटी मी मार्कर त्याच्या हातात दिला. म्हटलं, "बोलू नकोस, लिही."

त्याने बोर्डावर एवढंच लिहिलं: ओ(एन²), ओ(एन लॉग एन). आणि खाली, एन = १० लाख.

बस्स! आमच्या डिझाइनमध्ये प्रत्येक रेकॉर्डची प्रत्येक रेकॉर्डशी तुलना होत होती. म्हणजे १ लाख कोटी वेळा! तेच आधी सॉर्ट करून घेतलं की साधारण २ कोटींत काम. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग डिझाइन बदललं.

हा 'ओ' १८९४ मध्ये पाउल बाखमन या जर्मन गणितज्ञाने आणला. 'बारीकसारीक आकडे सोड, एन वाढल्यावर काम कसं वाढतं तेवढं बघ' हे सगळं त्या एका अक्षरात बसतं.

मला माझी अकरावी आठवली. मीही मराठी मीडियमचाच. फिजिक्सच्या पहिल्या तासाला सर 'अ‍ॅक्सिलरेशन, अ‍ॅक्सिलरेशन' करत होते आणि मी घामाघूम. सायन्स सोडावं असं ठरत आलं होतं. तेवढ्यात त्यांनी फळ्यावर लिहिलं, व्ही = यू + एटी. अरेच्चा! हे तर आपलं त्वरण! नववीत हेच केलं होतं की. हुश्श झालं.

केमिस्ट्रीत तर आणखी मजा. लोखंडाला 'एफइ' का, हा प्रश्न मला पडायचा तसाच कॉन्व्हेंटवाल्यांनाही. 'आयर्न'मध्ये तरी कुठे आहे एफ? बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१३ च्या सुमारास लॅटिन नावांवरून ही अक्षरं ठरवली, त्यामुळे सगळेच सारखे परके!

चिन्हांनी विषय सोपा होतो असं म्हणतात. मला नाही तसं वाटत. त्या पोराला ओ(एन²)चा अर्थ आधीच नीट कळलेला होता, म्हणून तर ते लिहिता आलं. चिन्हांनी फक्त मधली भाषेची भिंत काढली.

असो. इंग्रजी शिकायला हवंच, ते मी त्याला सांगितलंय. पण हल्ली मीटिंगला आला की तो आधी मार्कर शोधतो, आणि आम्हीही तो जागेवर ठेवायला लागलोय.