साडेचार आणि साडेपाच

केंब्रिजला येणारे पाहुणे किंग्ज कॉलेजचं चॅपल बघतात, नावेतून फिरतात आणि बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या सोनेरी घड्याळासमोर फोटो काढतात. २००८ साली स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते सुरू झालेल्या या घड्याळाला काटे नाहीत. निळ्या उजेडाच्या फटी वेळ दाखवतात आणि वर बसलेला अक्राळविक्राळ नाकतोडा एकेक क्षण गिळत असतो. गंमत म्हणजे ते पाच मिनिटांतून एकदाच अचूक वेळ दाखवतं. मुलांना ते फार आवडतं. मला मात्र ते पाहिलं की आमची इथली पहिली दिवाळी आठवते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये मी दोन्ही मुलांना घेऊन पुण्याहून इथे आले. लेक अकरा वर्षांची, मुलगा सात. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती आणि मुलांचा ताबा दोघांकडे होता. नोकरीचं पत्र हातात पडलं तेव्हा आनंदाच्या आधी पोटात गोळा आला. त्यांच्या बाबांनी ‘नाही’ म्हटलं तर? त्यांनी पंधरा दिवस घेतले आणि संमतीपत्रावर सही केली. अटी दोनच : इथली उन्हाळ्याची सुट्टी पुण्यात, आणि दर रविवारी संध्याकाळी सहाला फोन. तिथले सहा म्हणजे इथले दुपारचे दीड.

अशी सही सगळ्यांना मिळत नाही. २०२२ मध्ये पुण्याच्याच एका आईला मुलीला घेऊन नोकरीसाठी पोलंडला जायला मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. मूल की करिअर, अशी निवड आईला करायला लावता येणार नाही, अशी भूमिका घेत न्यायालयाने परवानगी दिली. शिवाय, परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे कागद असला तरी बरीचशी भिस्त एकमेकांच्या शब्दावरच.

तो शब्द मी तिसऱ्याच महिन्यात मोडला.

२७ ऑक्टोबर, रविवार, लक्ष्मीपूजन. त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली. मी भिंतीवरचं घड्याळ नीट लावलं, पण पुण्याचं अंतर साडेचारचं साडेपाच तास झालं, हे डोक्यातच आलं नाही. फोन घरी चार्जिंगला लावून आम्ही मिल रोडवर पातळ पोहे आणि पणत्या शोधत हिंडलो. एक वाजता परतलो तर चार मिस्ड कॉल. तिकडे बाबा आणि आजी सहापासून आरती थांबवून बसले होते.

“बाबा, आमच्याकडे अजून दीड वाजलेच नाहीत!” मुलगा म्हणाला. ते हसले. लेक हसली नाही. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, “आई, मुद्दाम केलंस?”

मुद्दाम नव्हतं. पण त्या सकाळी तो फोन डोक्यात नसताना मी किती मोकळी हिंडले होते, हेही खरं. मला पटकन ‘नाही’ म्हणता आलं नाही.

न्यूनहॅम कॉलेजवरून जाताना शकुंतला परांजपे आठवतात. रँग्लर परांजप्यांची ही लेक इथे गणित शिकली. रशियन चित्रकाराशी केलेलं लग्न मोडल्यावर तिने आपल्या मुलीला, सईला, वडिलांच्या घरी वाढवलं. वडील ऑस्ट्रेलियात हायकमिशनर झाले तेव्हा मायलेकी तिकडेही जाऊन राहिल्या. त्या काळी साता समुद्रांपलीकडच्या माणसाशी दुवा म्हणजे बोटीने येणारं पत्र. आता बाप पडद्यावर समोर दिसतो. त्याला वेळेवर दिसू देणं, हे माझं काम.

पुढच्याच रविवारी आम्ही स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलं, पुण्याच्या वेळेचं. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये स्टुलावर चढून आम्ही केंब्रिजचं घड्याळ हलवतो. पुण्याच्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम लेकीने केलाय.