राणीच्या हाती न लागलेलं घड्याळ

सोनाराकडे पाटल्या करायला टाकल्या आणि त्यानं सांगितलेल्या दिवसाच्या वर दोन आठवडे गेले, की आपला जीव कसा टांगणीला लागतो! भाजीला निघालो तरी पावलं आपसूक त्याच्या दुकानाकडे वळतात. मग आता हे ऐका. फ्रान्सच्या एका राणीसाठी १७८३ साली सोन्याचं घड्याळ करायला टाकलं होतं. ते पुरं झालं १८२७ साली. चव्वेचाळीस वर्षांनी! तोवर राणी राहिली नव्हती, तिचा राजा राहिला नव्हता आणि ज्यानं काम हाती घेतलं तो कारागीरही राहिला नव्हता.

ही राणी म्हणजे मारी आंत्वानेत. भाकरी मिळत नसेल तर लोकांनी केक खावा, असं जिच्या नावावर सांगतात तीच. (तिनं तसं म्हटल्याचा पुरावा कुठेही नाही. पण बाईच्या नावाला एकदा काही चिकटलं की ते धुऊन निघत नाही, मग ती राणी का असेना.) कारागीर होता अब्राहम-लुई ब्रेगे, जन्मानं स्विस, दुकान पॅरिसमध्ये. मागणी राणीच्या रक्षकदलातल्या एका अधिकाऱ्यानं नोंदवली असं सांगतात. लोक मात्र तिच्यावर जीव असलेल्या एका स्वीडिश सरदाराचं नाव घेतात. ते खरंखोटं देव जाणे. अटी मात्र ऐकण्यासारख्या होत्या. घड्याळात तोवर माहीत असलेली प्रत्येक करामत हवी, जिथं जिथं जमेल तिथं दुसऱ्या धातूऐवजी सोनं हवं आणि पैशाला नि वेळेला मर्यादा नाही.

आता सोनं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दागिना येतो. इथं सोनं बाहेरून दिसावं म्हणून नव्हतं, आतल्या पट्ट्या आणि चाकंसुद्धा तांबूस सोन्याची.  जिथं घासलं जाईल तिथं नीलमणी बसवले. तबकडी स्फटिकाची, म्हणजे आतला सगळा संसार आरपार दिसावा. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीच्या त्या डबीत ८२३ भाग आहेत. आपल्या फोडणीच्या डब्यातल्या मोहरीच्या दाण्याएवढे स्क्रू त्यात असतील, नाही का?

पूर्वी घरोघरी चावीची घड्याळं होती आणि चावी द्यायची राहिली की सकाळचं सगळं वेळापत्रक कोलमडायचं. राणीच्या घड्याळाला ती भीती नव्हती. आत प्लॅटिनमचं एक वजन आहे. अंगावर घड्याळ घेऊन माणूस चाललं की ते वजन हेलकावे खातं आणि त्या हेलकाव्यांनी स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. किती जोर शिल्लक आहे हे दाखवायला वेगळा काटा. उष्णतामापकही आहे, पण खरी गंमत पुढेच आहे.

मला सगळ्यांत आवडलं ते त्याचं बोलणं. तेव्हा वीज नव्हती. रात्री वेळ पाहायची तर मेणबत्ती पेटवायला हवी, म्हणजे निजलेलं पोर उठलंच म्हणून समजा. या घड्याळाची कळ दाबली की ते वेळ वाजवून सांगतं. समजा, रात्रीचे दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं झालीत. आधी दोन ठोके तासांचे, मग तीन जोडठोके पाऊण तासाचे आणि शेवटी दोन बारीक ठोके वरच्या दोन मिनिटांचे. डोळेसुद्धा उघडायला नकोत. यासाठी पूर्वीच्या घड्याळांत छोटी घंटा असे. त्याऐवजी वळवलेली पोलादी तार वापरायची युक्ती ब्रेगेनं त्याच सुमारास काढली. त्यामुळे आवाज गोड झाला आणि घड्याळही चपटं झालं.

तारखेचंही तसंच. कोणता महिना तीसचा नि कोणता एकतीसचा हे आपण मुठीच्या उंचवट्यांवर मोजतो. या घड्याळाला ते पाठ आहे, फेब्रुवारीसकट आणि लीप वर्षासकट. शिवाय एक काटा सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला फरक दाखवतो. तुम्ही म्हणाल, सूर्य का कधी चुकतो? चुकत नाही, पण सावलीच्या घड्याळावरचे बारा आणि आपल्या घड्याळातले बारा वर्षातून चारच दिवस जुळतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तर सोळा मिनिटांचं अंतर पडतं. पृथ्वीचा आस कललेला, फिरण्याची वाट लांबट, म्हणून हा घोळ. हा हिशेब घड्याळाला शिकवायचा तर काजूगरासारखी एक चकती घासून काढतात. तिच्या कडेवरून एक दांडी वर्षभर सरकत राहते, आणि कड जशी आत-बाहेर होते तसा काटा मागेपुढे होतो. कानस एक घास जास्त चालली की चकती गेली वाया!

इतकं सगळं एका माणसाच्या हातून लवकर होणार नव्हतंच. त्यात देशात क्रांती झाली. जानेवारी १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि १६ ऑक्टोबरला राणीचा. अडतीस वर्षांची व्हायला तिला दोन आठवडे होते. ब्रेगेही जिवाच्या भीतीनं स्वित्झर्लंडला गेला, तो १७९५ मध्ये परतला. मागणी देणारं कुणी उरलं नव्हतं. आतलं सोनं वितळवून दुसऱ्या कामाला लावलं असतं तरी कुणी जाब विचारला नसता. पण त्यानं काम टाकलं नाही. १८२३ मध्ये तो वारला आणि मुलाच्या काळात घड्याळ पुरं झालं. आपल्या आजीनं सुरू केलेली गोधडी आईनं पुरी करावी तसंच हे.

पुढे तर आणखी नवल. एका उमरावानं १८३८ मध्ये ते दुरुस्तीला आणून दिलं आणि न्यायला आलाच नाही! शिंप्याकडे टाकलेलं ब्लाउज विसरावं तसं. दुकानानं १८८७ मध्ये ते एका इंग्रज गृहस्थाला विकलं. हातोहात फिरत ते १९१७ मध्ये लंडनच्या एका दुकानाच्या काचेत सर डेव्हिड सॉलोमन्स यांना दिसलं. त्यांनी ते घेतलं आणि लेकीच्या, व्हेराच्या, स्वाधीन करून गेले. व्हेरानं वडिलांचा हा ठेवा तिजोरीत ठेवला नाही. जेरुसलेममध्ये इस्लामी कलेचं संग्रहालय तिच्या पैशातून उभं राहिलं, तिथं ही घड्याळंही लोकांसाठी ठेवली. १९७४ मध्ये संग्रहालय उघडलं, ते पाहायला मात्र ती नव्हती. १९६९ मध्येच गेली.

आणि १९८३ च्या एप्रिलमध्ये एका रात्री चोर मागच्या लहानशा खिडकीतून आत शिरला. एकशे सहा वस्तू गेल्या, त्यात राणीचं घड्याळ. पोलिसांनी वर्षानुवर्षं शोधलं, पण पत्ता नाही. चोराला तरी त्याचा काय उपयोग? इतकी नावाजलेली वस्तू विकायला काढणार कुठे?

इथून पुढची गोष्ट वाचताना मी हातातलं काम बाजूला ठेवलं. चोर २००४ मध्ये वारला. जाण्यापूर्वी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. मैत्रिणींनो, क्षणभर तिच्या जागी उभ्या राहा. आपण आजारी माणसाच्या उशाशी बसलोय, त्याला पाणी पाजतोय आणि तो सांगतोय की मागं ठेवलेल्या पेट्यांत एका राणीचं घड्याळ आहे! ते कुणाला सांगावं? गेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा लागतो. न सांगावं, तर त्या पेट्या शेजारी घेऊन झोप कशी लागावी?

दोन वर्षांनी, २००६ मध्ये, तिनं स्वतःचं नाव पुढे न करता वकिलामार्फत संग्रहालयाला निरोप पाठवला. सुमारे पस्तीस हजार डॉलर घेऊन ३९ वस्तू परत दिल्या, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या. राणीचं घड्याळ त्यांत होतं. पोलीस तिच्यापर्यंत पोचले, तेव्हा घरी चोरीच्या आणखी वस्तू सापडल्या. फ्रान्समधल्या बँकांच्या लॉकरांतूनही बरीच घड्याळं निघाली आणि एकूण ९६ परत मिळाली. २०१० मध्ये कोर्टानं तिला चोरीचा माल बाळगल्याबद्दल दोषी ठरवून तीनशे तास समाजसेवेची शिक्षा दिली, तुरुंगवास तहकूब ठेवून. मला विचाराल तर पैसे मागायला नको होते आणि परत द्यायचंच तर सगळं द्यायचं. माझ्या शेजारणीचं मत उलटं आहे. ती म्हणते, सोनं मोडून गप्प बसली असती तर तुला काय कळणार होतं? आमचा वाद अजून मिटलेला नाही.

मधल्या काळात ब्रेगे कंपनीनं, मूळ घड्याळ गेलंच असं धरून, जुन्या चित्रांवरून हुबेहूब दुसरं करायला घेतलं होतं. ते २००८ मध्ये पुरं झालं. त्याची पेटी व्हर्सायच्या बागेतल्या, राणीच्या आवडत्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ओक वृक्षाच्या लाकडाची आहे. तो वृक्ष २००३ च्या उन्हाळ्यानंतर वठला होता. मूळ घड्याळ मात्र पुन्हा जेरुसलेमला गेलं, व्हेरानं ठेवलं होतं त्याच संग्रहालयात.