मोडी शिकून पगार कोण देतं?

खर्ड्यात वाढलेल्या पोरांना 1795 हे साल वेगळं पाठ करावं लागत नाही. 11 मार्चला मराठ्यांशी गाठ पडल्यावर निजाम अलीनं आमच्याच किल्ल्यात आसरा घेतला, बाहेरून वेढा पडला आणि शेवटी त्याला तह करावा लागला, ही गोष्ट इथं कुणीही सांगतं. गावाला या लढाईचा अभिमान फार. पण त्याच गावात बारावी झालेल्या मुलीनं ‘मला इतिहास शिकायचाय, पुढं पुरातत्त्व करायचंय’ म्हटलं, की सगळ्यांचा चेहरा उतरतो.

आमच्या घरात निर्णय चुलत्यांचा. ते म्हणाले, “डी.एड. कर. दोन वर्षांत मास्तरीण होशील, तालुक्यातच राहशील. खापरं उकरून कोण पगार देतं गं?” प्रश्न रास्त होता. आमच्याकडं पाऊस बेभरवशाचा आणि दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघणार. महिन्याच्या महिन्याला पगार येणारं एक माणूस घरात असणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईत बसून कळत नाही. तेव्हा डी.एड.ला प्रवेश मिळणं म्हणजे पेढे वाटायची गोष्ट होती. माझ्या चुलतबहिणीचे पेढे वाटले गेले. मी नगरला बी.ए. केलं आणि पुढं पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला गेले. माझे पेढे कुणी मागितलेही नाहीत.

हसमुख सांकलियांनी जिथं नेवाशाच्या आणि इतर उत्खननांचा अभ्यास उभा केला, ती ही संस्था. आमच्याच जिल्ह्यातल्या दायमाबादला सापडलेली काशाची शिल्पं मी पहिल्यांदा इथल्या पुस्तकांतून नीट पाहिली. शिकवणी मात्र रोमांचक वगैरे नव्हती. चौकोनी खड्ड्याचा तट सरळ कापायचा, मातीचा रंग तक्त्याशी ताडायचा, प्रत्येक खापर धुऊन त्यावर क्रमांक घालायचा. खापर सातवाहनकाळचं निघावं असं कितीही वाटलं, तरी वहीत दिसेल तेच लिहायचं. हे आमच्या हाडात भिनवलं होतं. याचा पुढं कचेरीत उपयोग होणार आहे, हे तेव्हा शिकवणाऱ्यांच्याही ध्यानीमनी नसावं.

मोडी मी जोडीला शिकले. आजोबा सही मोडीत करायचे, तेवढीच माझी ओळख. 1950च्या दशकापर्यंत शाळांत मोडी होती, नंतर ती गेली आणि दोन पिढ्यांत घरातले कागद घरच्यांनाच परके झाले. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारतात आणि हात न उचलता खाली अक्षरं लटकवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. शब्द कुठं तुटतो, हे अर्थावरून ठरवायचं. पुढं पुराभिलेख संचालनालयाच्या परीक्षेचं प्रमाणपत्रही घेतलं, निव्वळ भिंतीवर लावायला.

एम.ए.नंतरची वर्षं चुलत्यांच्या बाजूनं साक्ष देणारी होती. उत्खननावर हंगामी काम, हंगाम संपला की घरी. एका कार्यालयासाठी जुन्या कागदांचं लिप्यंतर केलं, दर पानावर ठरलेला, आणि पैसे पुढच्या वर्षी. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगी काय करते’ या प्रश्नावर वडील खोकायचे. पण तिकडं, 2012च्या सुमारास शिक्षकभरती जवळपास थांबली. डी.एड.ची कॉलेजं ओस पडायला लागली. चुलतबहीण आज एका खाजगी शाळेत शिकवते, माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, आणि पगाराचा आकडा विचारला की विषय बदलते. यात माझा विजय मुळीच नाही. सगळा गाव ज्या रस्त्यानं जातो तो सुरक्षित असतो असं आम्ही धरून चाललो होतो, आणि ती गर्दीच तिला नडली, एवढंच.

माझं बस्तान बसवलं ते वकिलांनी. वाटणीपत्रं, खरेदीखतं, देवस्थान इनामाच्या सनदा. जमिनीचा दावा असला की तळाशी कुठंतरी मोडी कागद निघतोच. जामखेड, भूम, बार्शीकडून कामं यायची.

मग 2023 उजाडलं. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या, मोडीतल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यापुरती, मग राज्यभर. एका आठवड्यात माझा फोन थांबेना. ज्यांनी कधी ओळख दाखवली नव्हती तेही ‘ताई, जरा येता का’ म्हणू लागले. आमचा भाग सीमेवरचा. खर्डा मुंबई इलाख्यात, तर शेजारचे भूम, पाटोदा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. सोयरीक दोन्हीकडं, कागद मात्र दोन राज्यांचे, दोन तऱ्हांचे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ज्या निजामाला आम्ही हरवलं, त्याच्याच दप्तरातून आमचे पाहुणे आपली जात शोधत होते.

कचेरीच्या मागच्या खोलीत टेबलावर कोतवाल बुकं ठेवलेली असायची, जन्म-मृत्यूच्या नोंदींची, गाव नमुना 14. पान उलटताना कडा हातात यायच्या. जातीच्या रकान्यात कुठं पूर्ण ‘कुणबी’, कुठं नुसतं ‘कु’, कुठं शाईचा ओघळ. दारात माणसं उभी. एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, “बाई, आजा माझाच हाय. जरा नीट बघा की.” मी नीटच बघत होते. नाव जुळत होतं, गाव जुळत होतं, पण रकान्याच्या जागी पान वाळवीनं खाल्लेलं. बोट तिथंच थबकलं. तेव्हा आठवण झाली ती क्रमांक घातलेल्या खापरांची. ‘अक्षर नष्ट’ असं लिहिलं आणि सही केली. त्या गृहस्थांना दुसऱ्या बुकात भावकीची नोंद मिळाली, पण सगळ्यांनाच मिळते असं नाही. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यातले काहीजण आजही मला रामराम करत नाहीत.

त्या वर्षी मी जे कमावलं, ते आधीच्या कित्येक वर्षांत मिळून कमावलं नव्हतं. मग मागणी ओसरली, पण पूर्वीइतकी खाली गेली नाही. आता घरी चार-पाच पोरं मोडी शिकायला येतात. एक आयटीआयचा वायरमन आहे, एक बी.कॉम.ची मुलगी. मोडी शिक, पण वायरमनकी सोडू नकोस, असं मी त्याला बजावलंय. एम.ए. पुरातत्त्व कर असं मी कुणालाही बेधडक सांगत नाही. घरी दोन-तीन वर्षं कळ काढायची ऐपत आहे का, हे आधी विचारते.

2025 मध्ये आयआयटी रुरकीनं मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली जाहीर केली. ती बातमी चुलत्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. “आता मशीन वाचणार म्हणे. मग गं?” मी म्हटलं, वाचू दे, स्वच्छ पानं तिनंच वाचावीत, माझे डोळे वाचतील. पण कोर्टात शपथ घ्यायला ती येणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका वाटणीपत्राच्या दाव्यात माझी उलटतपासणी झाली. समोरच्या वकिलांचा पहिलाच प्रश्न: “मोडी येत असल्याचा काही दाखला आहे का?” भिंतीवरून उतरवून आणलेलं प्रमाणपत्र पुढं केलं. ते उलटसुलट पाहून त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, “तुमची पदवी पुरातत्त्वाची. म्हणजे हाडं-खापरं. त्याचा या कागदाशी काय संबंध?” न्यायाधीशांनी मला सविस्तर बोलू दिलं. मागच्या बाकावर चुलते बसले होते. घरी येताना एसटीत त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, कारण माझं उत्तर त्यांना पटलं नव्हतं.