कृपा इस्राएलवर, गाणे सर्व राष्ट्रांचे

चि. सुप्रिया हिस,


तुमचा कॉयर मोझार्टचे जे १७८० मधले ‘लाउदाते दोमिनुम’ बसवतो आहे, ते म्हणजे आपले ११७वे स्तोत्र. (राष्ट्रांना हाक मारणारे शब्द त्याने एकट्या सोप्रानोला दिले, हे मला जरा विचित्रच वाटते.) अवघी दोन वचने: पहिल्यात सर्व राष्ट्रांना स्तुतीचे आवाहन, दुसऱ्यात त्याचे कारण, परमेश्वराची ‘आम्हांवरची’ दया आणि त्याचे टिकणारे सत्य. कृपा झाली इस्राएलवर, मग बाकीच्यांनी का गायचे, ही तुझी शंका रास्त आहे. बारसे एकाच्या घरी आणि पेढे वाटायचे शेजाऱ्याने, असाच हा प्रकार दिसतो.

हे विजेत्याचे गाणे आहे, जितांनी मान लवावी एवढाच त्याचा अर्थ, असे कोणी म्हणेल. १४९व्या स्तोत्रात राष्ट्रांवर सूड उगवण्याची भाषा आहेच. ती लपवू नये. पण ११७व्यात ना लढाई, ना राजा, ना शत्रू. तिथली दया आणि सत्याची जोडी निर्गमाच्या ३४व्या अध्यायातही आहे. लोकांनी सोन्याचे वासरू पुजले, मोशेने पाट्या फोडल्या, आणि त्यानंतर परमेश्वराने आपला स्वभाव सांगितला तो याच शब्दांत. म्हणजे इस्राएलला दया मिळाली ती करार मोडल्यावर, लायकी नसताना. अशी दया एकाच कुळापुरती राहील कशी? योना संदेष्ट्याला नेमके हेच खुपले. निनवे हे परक्यांचे शहर नाशातून बचावल्यावर तो देवाच्या दयाळूपणाची तीच यादी तक्रार म्हणून ऐकवतो. सत्य तेवढे गाळतो.

पौलाने रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात हे स्तोत्र सोयीने ओढले, हा आक्षेप अधिक वजनदार. उद्धृत तो पहिलेच वचन करतो, हे खरे. पण त्याआधीचे ८वे आणि ९वे वचन वाच: पूर्वजांना दिलेली अभिवचने पक्की व्हावीत म्हणून ख्रिस्त देवाच्या सत्यासाठी यहुद्यांचा सेवक झाला, आणि परराष्ट्रीयांनी दयेसाठी देवाचा गौरव करावा. स्तोत्राच्या दुसऱ्या वचनातली दोन्ही कारणे त्याने न सांगता आत घेतली आहेत. ‘आम्हांवर’ हा शब्द तो पुसत नाही, त्यावरच उभा राहतो. जुन्या माणसांना दिलेला शब्द देवाने पाळला नसता, तर नव्यांनी कशाच्या भरवशावर गायचे? इस्राएलला देवाने टाकले का, या प्रश्नाशी पौल आधी ९ ते ११ असे तीन अध्याय झगडतो, ते म्हणूनच. त्याचे उत्तर दिल्याशिवाय रोमच्या परराष्ट्रीयांना हे स्तोत्र म्हणा असे सांगण्याचा त्याला अधिकारच नव्हता.

तुझा,
मामा