टाकी ते टाकी

गाडी तीच, रस्ता तोच. तरी पुणे-सातारा ॲव्हरेज कधी ५५, कधी जेमतेम ४८. लोक लगेच पंपवाल्यावर संशय घेतात. मला खरा चोर वाटतो वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. काटा ६०वरून ८०वर नेला की तो पावणेदोन पटींच्या वर जातो. त्यात पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा. जाताना छातीवर, येताना पाठीशी.

खंबाटकीच्या चढाला पेट्रोल जाणारच. उतारावर मात्र गिअरमध्ये राहून थ्रॉटल सोडला, की इंजेक्शनवाली गाडी इंधनच तोडते. तरी लोक न्यूट्रलमध्ये सोडतात, वर ब्रेक तापवतात. हसू येतं.

गावातल्या फेऱ्यांचं विचारूच नका. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, आणि ते तापेपर्यंत मंडई आलेली असते. टायरमधली हवा, सुकलेली चेन, ही नेहमीची मंडळी आहेतच.

पण मोजणीही फसवते. २०० किलोमीटरला ४ लिटर, म्हणजे ५०. नोझल जरा उशिरा कटून पाव लिटर जास्त गेलं, की तेच ४७! म्हणून मी आता तीन-चार टाक्यांची सरासरी धरतो.

"माझं वजन नका हं धरू त्यात," मागून सौ. म्हणते. सपाटीवर नाही धरत.